नांदेडची धावपट्टी 10 की 28? विमान उतरताना रेडिओवर काय ठरतं?

नांदेड विमानतळावर धावपट्टी एकच, पण नावं दोन: 10 आणि 28. हे आकडे म्हणजे दिशा. 10 वर उतरणाऱ्या विमानाचं तोंड पूर्वेकडे (सुमारे 100 अंश), 28 वर पश्चिमेकडे (280 अंश).

विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून नियंत्रक रेडिओवर वारा आणि धावपट्टी सांगतो. वैमानिक परवानगी परत म्हणून दाखवतो, म्हणजे ऐकण्यातली चूक लगेच पकडता येते. उतरायचं की नाही, हा अंतिम निर्णय मात्र वैमानिकाचा.

कोझिकोडच्या धावपट्टीचे आकडेही हेच. 7 ऑगस्ट 2020 ला पावसात 28 वरचा प्रयत्न सोडून एक विमान 10 वर उतरलं. वारा पाठीमागून होता, तो नियंत्रकाने सांगितलाही होता. विमान धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकलं आणि टोक ओलांडून खाली कोसळलं. कॅप्टन दीपक साठे यांच्यासह 21 जणांचा मृत्यू झाला.