बंगळूरची प्रयोगशाळा आणि कमला सोहोनी

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली एका मराठी तरुणीचा अर्ज आला. मुंबई विद्यापीठाची पदवीधर कमला भागवत हिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरीही, केवळ स्त्री म्हणून, संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे आणि त्यांच्यामुळे संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. ही वागणूक त्यांना आयुष्यभर सलत राहिली.

गुरू श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले. १९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे 'सायटोक्रोम सी' वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

मायदेशी परतल्यावर आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईला आल्यावर त्यांनी विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन केले. प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे कडधान्यांतील घटक त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासले. डाळी-उसळी नीट शिजवून खाण्याच्या आपल्या रीतीमागचे शास्त्र अशा अभ्यासांतून उलगडते, कारण उष्णतेने हे घटक बहुतांशी निष्प्रभ होतात.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पृथक्करण हाती घेतले. ताडासारख्या झाडांचा हा गोड रस ऊन चढताच आंबू लागतो व त्याची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा उपकारक ठरते, हेही त्यांच्या कामातून दिसून आले. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

१९९८ साली दिल्लीत कमलाबाईंचे निधन झाले. आज प्रयोगशाळेत परीक्षानळी हाती घेणाऱ्या मुलीला प्रवेशासाठी कोणाची समजूत घालावी लागत नाही. त्यासाठी एका विद्यार्थिनीने बंगळूरला वर्षभर परीक्षा दिली होती.