चाचणी-क्लस्टरची सुलभ सुरुवात

माहितीसाठ्याचा भार अनेक सर्व्हर मिळून वाहतात, तेव्हा त्या समूहास ‘क्लस्टर’ म्हणतात. अशा समूहासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी घेण्यासाठी बहुधा एकाच संगणकावर त्याची छोटी प्रतिकृती उभारतात. ती सुरू करणाऱ्या आज्ञांची फाइल म्हणजे ‘स्टार्टअप स्क्रिप्ट’. ही स्क्रिप्ट क्लिष्ट असेल, तर फसलेल्या चाचणीचा दोष सॉफ्टवेअरचा की स्क्रिप्टचा, हे उमगत नाही. ‘पुन्हा चालवून पाहू’ अशी सवय जडते आणि खरा दोषही नजरेतून निसटतो.

‘रेडिस’ या डेटाबेसचे उदाहरण बोलके आहे. इटलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये तो जगापुढे आणला. २०१५ च्या ३.० आवृत्तीत क्लस्टरची सोय आली. त्यात माहिती १६,३८४ कप्प्यांत विभागली जाते. तीन प्रमुख सर्व्हर आणि प्रत्येकास एक राखीव, असे सहा सर्व्हर चाचणीस लागतात. प्रारंभी सहा फोल्डर, सहा कॉन्फिगरेशन फाइली आणि सहा पोर्ट हाताने मांडावे लागत. शिवाय सर्व्हर एकमेकांस जोडणारा प्रोग्राम रुबी भाषेत असल्याने संगणकावर रुबीही हवी असे. २०१८ च्या ५.० आवृत्तीत हे काम रेडिसच्याच आज्ञा-साधनाकडे आले आणि रुबीची गरज संपली.

रेडिससोबत मिळणारी ‘क्रिएट-क्लस्टर’ ही छोटी स्क्रिप्ट सुलभतेचा नमुनाच होय. पोर्ट, सर्व्हरची संख्या आणि राखीव प्रतींची संख्या आरंभीच एकदा लिहिलेली असते; पुढे एकच आवर्तन सहाही सर्व्हर सुरू करते. सुरू करणे, जोडणे, थांबवणे आणि साफ करणे यांसाठी स्वतंत्र आज्ञा आहेत. साफसफाई गौण नव्हे. मागील चाचणीच्या फाइली उरल्यास ‘सर्व्हर रिकामा नाही’ असे सांगून जोडणी नाकारली जाते.

मात्र सर्व्हर सुरू होणे आणि समूह सज्ज होणे यांत अंतर आहे. ‘पिंग’ला ‘पाँग’ असे उत्तर आले, तर तो सर्व्हर जागा आहे इतकेच कळते. सर्व कप्पे कोणा ना कोणाकडे सोपवले गेले, की समूह आपली स्थिती ‘ओके’ कळवतो. म्हणून ‘दहा सेकंद थांबा’ असे अंदाजाने लिहू नये. मंद संगणकावर ती दहा सेकंद अपुरी पडतात, वेगवान संगणकावर वाया जातात. स्क्रिप्टने ही स्थिती वारंवार विचारावी आणि ठरावीक मुदतीत होकार न आल्यास स्पष्ट संदेश देऊन थांबावे. स्क्रिप्ट इतकी नि:संदिग्ध असली, तरच चाचणीच्या निकालावर विश्वास ठेवता येतो.