हवामान चळवळ, समाजमाध्यमे आणि भाषेचा प्रश्न : २०२० च्या मसुद्याचा अभ्यास

हवामान बदलविषयक जागतिक चळवळीचा अलीकडचा इतिहास लिहिताना, २० ऑगस्ट २०१८ रोजी स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बसलेल्या ग्रेटा थनबर्ग या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीपासून आरंभ करण्याचा प्रघात पडला आहे. तिची छायाचित्रे समाजमाध्यमांवरून पसरली आणि ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’ हे नाव काही महिन्यांतच अनेक देशांत पोहोचले. तथापि प्रसार आणि शासननिर्णयावरील प्रभाव या दोन भिन्न बाबी होत. प्रस्तुत लेखात हा भेद भारतातील एका घटनेच्या आधारे तपासला आहे.

मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. पूर्वपरवानगीविना सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी आणि जनतेने म्हणणे मांडण्याची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणणे, या तरतुदींना तीव्र विरोध झाला. टाळेबंदीमुळे मोर्चे अशक्य होते. साहजिकच विरोध ई-मेल व हॅशटॅगमधून व्यक्त झाला. सुमारे १७ लाख हरकती व सूचना आल्या. जुलैमध्ये चळवळीच्या भारतीय शाखेचे संकेतस्थळ बंद करण्यात आले. मंत्र्यांकडे येणाऱ्या ई-मेलविषयीच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी काढलेल्या नोटिशीत चक्क बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचा उल्लेख होता. तो पुढे मागे घेण्यात आला. विद्यार्थ्यांच्या ई-मेलची धास्ती किती होती, हे यावरून दिसते.

परंतु या माध्यमाची मर्यादा न्यायालयात उघड झाली. मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला. केंद्राने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. मुदत संपली तेव्हा अनुवादांचे काम पूर्ण झालेले नव्हते.

यातील विसंगती लक्षणीय आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्प-अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक होते. चंद्रपूरच्या खाणीलगतच्या शेतकऱ्याला तो मराठीत मागता येत होता. त्याचे म्हणणे मांडण्याचे दिवस कमी करणारा मसुदा मात्र त्याने इंग्रजीत अथवा हिंदीत वाचावा, अशी अपेक्षा होती.