गोपाळाचें ज्ञान आणि शास्त्रकार

गुरें काय खातात, किती चालतात, केव्हां बसतात, कोणतें जनावर कळपांतून फुटतें आणि कोणतें पुढें होतें, यांचें निरीक्षण हा आतां एक स्वतंत्र शास्त्रीय विषय झाला आहे. गाईच्या गळ्यांत यंत्र बांधून ती दिवसांतून किती वेळ रवंथ करते हें मोजतात, आणि उपग्रहाच्या साहाय्यानें कळप कोठें चरला याचा नकाशा काढतात. कित्येक लेखक या विषयाचा इतिहास विसाव्या शतकांतील पाश्चात्य प्रयोगशाळांपासून आरंभितात. उलट आपल्याकडील कांहीं उत्साही मंडळी हें सर्व आमच्या ऋषींना ठाऊक होतें असें म्हणून मोकळी होतात. पहिल्यांनीं आमचे ग्रंथ पाहिले नाहींत. दुसऱ्यांनीं ते पाहिले, पण त्यांत कोणाचा आवाज ऐकूं येतो इकडे लक्ष दिलें नाहीं. पाणिनीची अष्टाध्यायी व कौटिल्याचें अर्थशास्त्र या दोन ग्रंथांची साक्ष काढून आम्ही येथें एवढेंच दाखवूं इच्छितों कीं, त्यांत नोंदलेलें ज्ञान मूळचें गुराख्याचें आहे, आणि ग्रंथांत उतरतांना त्याचें नांव तेवढें गळलें आहे.

प्रथम पाणिनि. त्याचा काळ सामान्यतः ख्रिस्तपूर्व पांचवें किंवा चौथें शतक मानतात. व्याकरणाच्या ग्रंथांत गोठ्याची माहिती शोधणें विचित्र वाटेल. परंतु पाणिनीला शब्द सिद्ध करावयाचे होते, आणि जे शब्द लोक बोलत तेच त्यानें घेतले. तेव्हां त्याच्या सूत्रांतील गोठा हा खरा गोठा आहे. दरवर्षीं विणारी गाय ती समांसमीना. आज किंवा उद्यां विईल अशी अवघडलेली ती अद्यश्वीना. पहिलारू ती गृष्टि. बरेच दिवसांपूर्वीं व्यालेली ती बष्कयणी. आणि जी माजावर आली असून जिला वळूकडे नेण्याची वेळ झाली आहे ती उपसर्या. या शब्दांचा क्रम लावून पाहिला तर गाईचें एक संपूर्ण वेत डोळ्यांपुढें उभें राहतें. असे भेद घरीं बसून होत नाहींत. गाय आज विणार कीं उद्यां, हें तिच्या कासेवरून व बसण्या-उठण्यावरून ज्याला ओळखावें लागतें त्याच्याच तोंडीं अद्यश्वीना हा शब्द प्रथम आला असला पाहिजे.

वयाची परीक्षा दोन प्रकारें होत असे. एक वशिंडावरून: ज्याचें वशिंड अद्याप फुटलें नाहीं तो असंजातककुत्, ज्याचें भरलें तो पूर्णककुत्. दुसरी दातांवरून: द्विदन्, चतुर्दन्, षोडन्. दातांचा नियम पाणिनीनें केवळ गुरांपुरता घातलेला नाहीं हें आम्हांस मान्य आहे. पण षोडत् शब्दाचा अर्थ कोशकार सहा दातांचा तरुण बैल असाच देतात. गुरांना वरच्या जबड्यांत पुढचे दात नसतात; खालचे आठ असतात, आणि दुधाचे पडून कायमचे दात जोडीजोडीनें येतात. म्हणून दोन, चार, सहा ही गणना बैलाला जशी लागू पडते तशी मनुष्याला पडत नाहीं. महाराष्ट्रांतील कोणत्याहि बैलबाजारांत जाऊन पाहावें. आदत, दुसा, चौसा आणि शेवटीं जुळलेला, ही भाषा तेथें आजहि ऐकूं येते, आणि दलाल बैलाचा ओठ उचलून तीच परीक्षा करतो. संस्कृताच्या वर्गांत हें सूत्र शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांना बाजाराचा दाखला देत असूं; टीकेपेक्षां त्यानेंच अर्थ लौकर उमगे.

हिंडण्याफिरण्याविषयींचे शब्द तर अधिकच बोलके आहेत. गाईंच्या मागें पुरेसा जाऊं शकणारा तो अनुगवीन, म्हणजे गुराखी. येथें "हांकणारा" असा अर्थ नाहीं, मागोमाग जाणारा असा आहे. आमच्या मतें यांत चराईचें एक तत्त्वच सांगितलें गेलें आहे. कळप आपली वाट आपण काढतो, आणि ज्याच्या पायांत तेवढें बळ व मनांत तेवढा धीर आहे तो मागें राहून नजर ठेवतो. ज्या रानांत गुरें पूर्वीं चरून गेलीं तें रान आशितंगवीन, आणि जेथें पूर्वीं गोठा होता ती जागा गौष्ठीन. गेल्या वर्षीं कोणतें रान चरून झालें हें ध्यानांत ठेवण्याची गरज फिरत्या गोपाळालाच असते; त्या गरजेनें भाषेला शब्द पुरविला आणि पाणिनीनें त्याला प्रत्यय दिला. रवंथ हा आपला शब्दहि रोमन्थ या संस्कृत शब्दापासून आलेला. त्याच्या क्रियापदासाठीं पाणिनीचें सूत्र आहे, आणि जबडा हालत असेल तरच तें लागू करावें अशी मर्यादा कात्यायनानें वार्तिकांत घातली आहे. आजचें गळ्यांतील यंत्र ज्या हालचाली मोजतें त्यांत जबड्याचें हालणें हेंच मुख्य आहे.

या शब्दांच्या मागें प्रत्यक्ष भूमीवरचा पुरावाहि आहे. तेलंगणांतील उटनूर येथें नवाश्मयुगीन गोपालकांचा गोठा उत्खननांत सांपडला. तेथील राखेचे थर सांचलेलें शेण वेळोवेळीं जाळल्यानें झालेले आहेत, आणि गुरांच्या खुरांचे ठसेहि तेथें उमटलेले मिळाले. ऑल्चिन यांनीं 1963 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचें सविस्तर विवेचन आहे. पाणिनीपूर्वीं दीड-दोन हजार वर्षांचें तें गौष्ठीन होय.

आतां कौटिल्याकडे वळूं. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हातीं लागून त्यांनीं ती 1909 मध्यें छापली. ग्रंथाच्या काळाबद्दल वाद आहे. कोणी तो मौर्यकालीन म्हणतात, कोणी ख्रिस्तोत्तर पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत खालीं आणतात. आमच्या विषयाला त्यानें बाध येत नाहीं. दुसऱ्या अधिकरणांत गोऽध्यक्षाचें प्रकरण आहे. तें जमाखर्चाचें प्रकरण आहे, आणि म्हणूनच आम्हांस तें विश्वसनीय वाटतें. भक्तीनें लिहिणारा गाईचे गुण वर्णन करतो. खजिन्याचा मनुष्य गाईचें काय होतें तें लिहितो.

शंभर गुरांमागें गुराखी, म्हशी राखणारा, दोहणारा, घुसळणारा व पारधी असे पांच नेमावे आणि त्यांना वेतन रोख द्यावें, असें तो सांगतो. कारणहि देतो: दूधतूप हेंच वेतन ठेवलें तर ते वासरांना उपाशी मारतील. पावसाळा, शरद् व हेमंत या ऋतूंत दोन वेळां धार काढावी. शिशिर, वसंत व ग्रीष्मांत एकदांच. या दिवसांत दुसऱ्यांदा धार काढणाऱ्याचा आंगठा तोडावा अशी शिक्षा सांगितली आहे. शिक्षा क्रूर आहे यांत शंका नाहीं. पण तिच्या मुळाशीं असलेलें निरीक्षण अचूक आहे. रान वाळल्यावर गाईच्या अंगांत जें उरतें तें वासराच्या वांट्याचें असतें. हें निरीक्षण ज्याचें, आंगठाहि त्याचाच जाणार, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये.

एका द्रोण दुधास एक प्रस्थ तूप निघावें, म्हशीच्या दुधास त्याहून पंचमांश अधिक, शेळीमेंढीच्या दुधास निम्में अधिक, असें प्रमाण दिलें आहे. द्रोणाचे प्रस्थ सोळा, तेव्हां गाईच्या दुधांत मापानें शेंकडा सव्वासहा तूप झालें. देशी गाईच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा चार ते पांच व म्हशीच्या दुधांत सुमारें सात असतो हें लक्षांत घेतां गाईचा आंकडा चढा आहे. सरकारी अपेक्षा चढी असावयाचीच. मेंढीविषयीं त्याचें म्हणणें जुळतें, शेळीविषयीं जुळत नाहीं. दोघींना एका मापांत घालण्यांत लेखनिकाची सोय झाली असावी. परंतु पुढें लगेच तो म्हणतो कीं, खरें प्रमाण घुसळून पाहिल्यावरच कळतें, कारण भूमि, गवत व पाणी यांच्या भेदानें दूधतूप कमीजास्त होतें. आंकडा ठरवून देणाऱ्या अधिकाऱ्यानें आंकड्यापेक्षां रवीला मान द्यावा, हें या प्रकरणांतील आम्हांस सर्वांत मोलाचें स्थळ वाटतें. हें वाक्य अध्यक्षाच्या बैठकींत सुचलेलें नसावें. आपलें तूप कमी कां भरलें याचा जबाब देणाऱ्या कोणा गोपाळानें तें प्रथम उच्चारलें असावें, आणि तें खरें असल्यामुळें नियमांत शिरलें असावें, असा आमचा तर्क आहे.

वैरणीचें प्रकरणहि असेंच. हिरवा चारा, वाळलें गवत, पेंड, कोंडा व मीठ यांचीं मापें दिलीं आहेत. पण ओढीच्या बैलांस व दुभत्या गाईंस कामाचा काळ व उत्पन्न पाहून खाणें द्यावें, आणि गवत-पाणी सर्वांस पोटभर असावें, असेंहि म्हटलें आहे. चराईसाठीं रानें ऋतूप्रमाणें वांटावीं व चोर-श्वापदांपासून तीं आधीं निर्भय करावीं. पाणवठ्याची उतरण सपाट व रुंद असावी, तेथें चिखल व मगरी नसाव्यात. जीं जनावरें बुजरीं आहेत त्यांच्या गळ्यांत घंटा बांधावी. तिनें सापश्वापदें भितात आणि कळप कोठें चरतो आहे तें कळतें. चपळ किंवा दांडग्या जनावरास न बांधतां बुजऱ्यास घंटा बांधावी, ही निवड स्वभावाची पारख केल्यावांचून होत नाहीं. वासरूं महिना-दोन महिन्यांचें झालें कीं त्यावर खूण करावी, आणि खूण, जन्मजात चिन्ह, रंग व शिंगांतील अंतर हीं नोंदवहींत लिहावीं. पाणिनीच्या सूत्रांतहि कानांवरील स्वस्तिक, स्रुव, छिद्र वगैरे खुणा आहेत. आज भारतांतील गुरांच्या कानांत बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात. नोंद ठेवणाऱ्याला कानाइतकी सोयीची जागा अद्याप दुसरी सांपडलेली दिसत नाहीं.

जनावराच्या स्वभावाचा विचार पुढें अमरकोशांतहि दिसतो. गरीब स्वभावाची ती सुकरा, सुखानें धार देणारी ती सुव्रता. आपल्या मारकी, ओढाळ, पान्हा चोरणारी या शब्दांची जात तीच. मात्र कोशकारानें सद्गुण आधीं टिपले, आणि मराठी शेतकऱ्यानें दुर्गुण, कारण लोढणें त्यालाच बांधावें लागतें.

हें ज्ञान ग्रंथांवाचून कसें टिकतें याचें उदाहरण महाराष्ट्रांतील मेंढपाळ धनगर होत. पाऊस सरल्यावर देशावरील कोरड्या मुलखांतून त्यांतले कित्येक वाडे घाट उतरून कोंकणांत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात, कारण दख्खनी मेंढीला तिकडील ओल सोसत नाहीं. वाटेंत शेतांत रात्रीं मेंढ्या बसवितात व शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसा देतो. सोन्थायमर यांनीं पश्चिम भारतांतील पशुपालकांच्या दैवतांवर 1976 मध्यें ग्रंथ लिहिला. देवांचा शोध घेतांना त्यांना या वाटांचाच मागोवा घ्यावा लागला.

आमची वाचकांस एक विनंती आहे. गायरानें आंखडलीं, बैलांची जागा ट्रॅक्टरनें घेतली, आणि हे शब्द बोलणारीं माणसें म्हातारीं झालीं आहेत. ज्यांच्या गांवीं जुने गुराखी, गवळी, धनगर किंवा बाजारांतील दलाल असतील त्यांनीं गुरांचें वय, वेत, खोड व चाल यांचे शब्द विचारून घ्यावे, आणि सांगणाऱ्याच्या संमतीनें त्याचें नांव, गांव व तालुका त्यासह लिहून मंडळाकडे पाठवावे. घंटा कळपांतील कोणत्या जनावरास बांधतात, पुढें चालणाऱ्यास, फुटणाऱ्यास कीं बुजणाऱ्यास, हेंहि अवश्य लिहावें.