हिनोकीचे पाणी: जपानच्या मंदिरापासून टोनरच्या बाटलीपर्यंत

कोरियन टोनर किंवा सीरमची बाटली दाखवायला आणणारे रुग्ण हल्ली बरेच असतात. घटकांच्या यादीत 'कॅमेसायपॅरिस ऑब्ट्युसा वॉटर' असे लांबलचक नाव असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, यात हिनोकीचे पाणी आहे. एक्झिमावर हेच लावले तर मलम बंद करता येईल का?" उत्तर देण्याआधी या पाण्याचा इतिहास पाहू, कारण गैरसमज तिथेच दडलेला आहे.

हिनोकी हा सरूच्या कुळातला जपानी वृक्ष. (कोकणच्या किनाऱ्यावर दिसते ते सुरू. नाव जवळचे असले तरी ते झाड वेगळे.) त्याचे लाकूड सुगंधी असते आणि सहजासहजी कुजत नाही. नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिराच्या इमारती याच लाकडाच्या आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्या गणल्या जातात आणि सुमारे १३०० वर्षे उभ्या आहेत. इसेचे देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, तेही हिनोकीतच. स्नानाचे लाकडी टबही याचेच. म्हणजे या झाडाची कीर्ती लाकडाची आहे, पाण्याची नव्हे.

हे लाकूड कुजत का नाही, हा प्रश्न पुढे रसायनशास्त्राकडे गेला. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होते. तिथल्या ताइहोकू इम्पिरियल विद्यापीठात तेत्सुओ नोझोए तैवानी हिनोकीच्या तेलावर काम करत होते. तेलातून त्यांना एक लालभडक पदार्थ मिळाला. त्यातले लोह बाजूला केल्यावर हाती आले ते रंगहीन संयुग, हिनोकिटिऑल. वर्ष होते १९३६. त्याच्या रेणूत सात कार्बन अणूंचे कडे निघाले. बेंझिनच्या सहा अणूंच्या कड्याची सवय असलेल्या रसायनशास्त्रज्ञांना ते अनोखे होते. मध्ये महायुद्ध आले आणि पाश्चात्त्य जगाला नोझोएंच्या कामाची नीट ओळख १९५० च्या सुमारास झाली. दरम्यान स्वीडनमध्ये एर्ड्टमन यांना हेच संयुग पश्चिमी लाल देवदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडात सापडले होते.

हिनोकिटिऑल लोहासारख्या धातूंना घट्ट पकडते, बुरशी आणि अनेक जिवाणूंची वाढ रोखते. जपानमध्ये ते टूथपेस्ट आणि केसांच्या टॉनिकमध्ये वापरतात. पण गंमत अशी की, ज्याच्या नावावरून हे नाव पडले त्या जपानी हिनोकीत ते जेमतेम नावापुरते असते. भरपूर सापडते ते तैवानी झाडात. आणि कोरियातली झाडे, ज्यांच्यापासून बाजारातले बरेचसे 'पाणी' बनते, ती जपानमधून आणलेल्या जातीची.

आता हे पाणी म्हणजे काय? आपल्याकडे गुलाबपाणी किंवा ओव्याचा अर्क काढतात तीच रीत. पाने, फांद्या वा लाकूड वाफेवर ठेवायचे आणि ती वाफ थंड करायची. वर तेल तरंगते, खाली राहते ते सुगंधी पाणी. त्यात सुगंधी द्रव्ये एक टक्क्याहूनही बरीच कमी असतात, उरलेले सगळे साधे पाणी.

मग एवढा बोलबाला कशामुळे? त्यात 'फायटोनसाइड' या शब्दाचा वाटा मोठा. सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ बोरिस टोकिन यांनी तो वनस्पतींतून बाहेर पडणाऱ्या जंतुरोधक द्रव्यांसाठी रूढ केला. १९८२ मध्ये जपानच्या वनखात्याने 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना मांडली. २००९ मध्ये किंग ली यांच्या गटाने १२ निरोगी पुरुषांना टोकियोतल्या हॉटेलात तीन रात्री ठेवले आणि खोलीत हिनोकीच्या तेलाची वाफ सोडली. रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशींची सक्रियता वाढलेली दिसली. प्रयोग रंजक आहे, पण माणसे बाराच, तेही निरोगी, आणि दिले होते हुंगायला तेल. त्वचेवर पाणी लावण्याशी त्याचा संबंध नाही. जाहिरातीत मात्र मंदिर, जंगल, तेल आणि पाणी एकाच बाटलीत ओतलेले असते.

एक्झिमात त्वचेचे संरक्षक आवरणच फाटलेले असते. तिथे सुगंधी द्रव्य, ते झाडाचे असले तरी, आग किंवा ॲलर्जी करू शकते. म्हणून त्या रुग्णाला मी सांगतो की मलम आणि मॉइश्चरायझर थांबवायचे नाही. त्वचा शांत असेल आणि टोनर आवडतच असेल, तर आधी हाताच्या आतल्या बाजूला काही दिवस थोडेसे लावून पाहा. खाज, लाली आली तर लगेच बंद. लहान मुलाच्या एक्झिमावर तर लावूच नका. घरी गाळलेले किंवा सुटे विकले जाणारे, संर्रक्षक द्रव्य न घातलेले सुगंधी पाणीही टाळा. त्यात जिवाणू वाढतात आणि फाटक्या त्वचेला ते महागात पडते. बाटली आणाल तेव्हा खोकाही सोबत आणा. घटकांची पूर्ण यादी बहुधा त्यावरच असते.