कन्व्हर्जन थेरपी
समलिंगी, उभयलिंगी वा पारलिंगी व्यक्तीचा लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलून देण्याचा दावा करणारे अशास्त्रीय व घातक उपचार. विजेचे झटके, औषधे, समुपदेशनाच्या नावाखालचा दबाव, बाबा-बुवांचे तोडगे ही त्यांची रूपे. कल बदलत नाही. वाढते ती अपराधभावना, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली होती. भारतात मात्र मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निर्देशांनंतर, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. भोंदूबाबा या नियमाच्या कक्षेबाहेर राहतात, ही त्यातली गंभीर उणीव. मुंबईतील हमसफर ट्रस्टसारख्या संस्था कल बदलण्याचा प्रयत्न न करता आधार देणारे समुपदेशन करतात.