शाखा जतमध्ये, सर्व्हर दोनशे किलोमीटरवर : कंपन्या लांबून सर्व्हर सांभाळतात तरी कसा?

"सर्व्हर डाऊन हाय मावशी, दुपारनं या." जतच्या बाजारपेठेत बँकेच्या काऊंटरवर उभं राहिलेल्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. मावशी पासबुक पिशवीत ठेवतात आणि जाता जाता काचेआड, केबिनच्या मागे नजर टाकतात, की तो सर्व्हर आहे तरी कुठे?

तर तो तिथे नसतोच. शाखेत असतात साधे कॉम्प्युटर, प्रिंटर, एक राउटर आणि बॅटऱ्या. खात्यांचा हिशोब ठेवणारी मशीन मुंबई, पुणे किंवा आणखी कुठल्या तरी शहरातल्या डेटा सेंटरमध्ये, कुलूपबंद एसी खोलीत रॅकवर बसवलेली असतात. आणि ती चालवणारा माणूसही बहुतेक वेळा त्या खोलीत नसतो. तो तिसऱ्याच ठिकाणी, अनेकदा घरी, लॅपटॉपसमोर असतो. अपडेट टाकणं, बॅकअप तपासणं, अडकलेला प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करणं, ही सगळी कामं तो लांबूनच करतो.

मग लांबून फक्त तोच आत येतोय, दुसरं कुणी नाही, हे सर्व्हरला कसं कळतं?

पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर

लांबच्या मशीनवर काम करायची सोय नवी नाही. त्यासाठीचं टेलनेट १९६९ पासूनचं आहे. अडचण एवढीच, की टेलनेटमध्ये टाइप केलेलं सगळं, पासवर्डसकट, जसंच्या तसं तारेवरून जायचं. म्हणजे पोस्टकार्डावर तिजोरीचा नंबर लिहून पाठवण्यासारखं. वाटेत कुणीही वाचावं.

१९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणी तरी असेच पासवर्ड चोरले. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल, लिहिलं. यात दोन मशीनमधलं सगळं बोलणं सांकेतिक होऊन जातं. एफटीपीचा पोर्ट क्रमांक २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या भिंतीतला क्रमांक दिलेला दरवाजा. आज जगभरातले लिनक्स सर्व्हर मुख्यतः याच २२ नंबरच्या दरवाज्यातून सांभाळले जातात. विंडोज सर्व्हरला रिमोट डेस्कटॉप लागतं, त्याचा दरवाजा ३३८९. तिथे काळ्या पडद्याऐवजी नेहमीचा डेस्कटॉप दिसतो.

एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी किल्लीही वापरता येते. किल्ली म्हणजे एक फाइल. तिचा एक भाग सर्व्हरवर असतो, दुसरा गुप्त भाग इंजिनिअरकडे. दोन्ही जुळले की दार उघडतं. पासवर्डचा अंदाज बांधता येतो, किल्लीचा नाही. पण ती दुसऱ्याच्या हातात पडली, तर सर्व्हरला फरक कळत नाही. तो माणूस बघत नाही, किल्ली बघतो.

म्हणूनच शहाणी कंपनी हे दरवाजे थेट इंटरनेटवर ठेवत नाही. आधी व्हीपीएन लागतं, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कपर्यंत जाणारा बंदिस्त बोगदा. त्यात शिरताना मोबाईलवरचा ओटीपीही मागतात. आत गेल्यावर एका मधल्या मशीनवर थांबावं लागतं, त्याला जंप सर्व्हर म्हणतात. कोण आलं, किती वाजता आलं, कुठली कमांड दिली, याची नोंद तिथे होते आणि मग पुढचं दार उघडतं.

आणि स्वतःच बाहेर अडकलं तर?

हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. रात्री दोन वाजता फायरवॉलचा एक नियम चुकीचा लिहिला, की तो नियम लिहिणाऱ्यालाच बाहेर काढतो. जुने जाणते त्यासाठी एक युक्ती करतात. बदल करण्याआधी सर्व्हरलाच सांगून ठेवायचं, 'दहा मिनिटांत माझा निरोप आला नाही तर सगळं पूर्ववत कर.' रीस्टार्टऐवजी शटडाऊन दाबलं तर मात्र ही युक्तीही कामाची नाही. त्यासाठी चांगल्या सर्व्हरच्या आत आणखी एक छोटा कॉम्प्युटर असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी हा जागा राहतो आणि लांबून बटण दाबल्यासारखं ते सुरू करून देतो. एचपीच्या सर्व्हरमध्ये त्याला आयएलओ म्हणतात, डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक.

एवढं करूनही गाडी काढावी लागते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर भारतात व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदमच बंद पडलं होतं, आठवतंय? देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने फेसबुकची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. इंजिनिअर लांबून आत जायला गेले, तर ती वाटही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावी लागली. सुरक्षा इतकी कडक, की आपल्याच माणसांना आत शिरायला वेळ लागला. सगळं मिळून सुमारे सहा तास गेले.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकवली. मशीन सुरूच होत नव्हतं, मग लांबून दुरुस्त कसं करणार? कित्येक ठिकाणी एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन एक फाइल पुसावी लागली. हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो फिरले होते, ते त्याच दिवशीचे.

दार दुसऱ्याचं, नुकसान आपलं

यानंतर दोनच आठवड्यांत छोट्या बँकांची पाळी आली. ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने जाहीर केलं, की सी-एज टेक्नॉलॉजीजच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता असल्याने तिला पेमेंट नेटवर्कपासून तात्पुरतं वेगळं केलं आहे. सी-एज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी. ती मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवते. देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार त्यामुळे अडकले. सेवा सुरळीत झाल्याचं १ ऑगस्टला सांगण्यात आलं. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अगदी किरकोळ आहे, असंही तेव्हा सांगितलं गेलं. आता ज्याचं खातं त्याच बँकेत आहे, त्याच्यासाठी तो वाटा शंभर टक्के असतो.

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने नंतर मांडलेलं विश्लेषण असं, की सुरुवात बँकेतून नाही तर सेवा देणाऱ्या एका दुसऱ्याच कंपनीतून झाली. तिथला जेनकिन्स नावाचा सर्व्हर नीट बंदिस्त केलेला नव्हता. जेनकिन्स म्हणजे प्रोग्रामरचा कोड आपोआप तयार करून पुढे पाठवणारी यंत्रणा. तिच्यातल्या एका त्रुटीमुळे बाहेरच्याला आतल्या फाइली वाचता येत होत्या, आणि २२ नंबरचं दार उघडं होतं. त्या त्रुटीवरचा उपाय जानेवारी २०२४ मध्येच आला होता. तो लावलेला नसेल, तर सहा महिने दार ढकललं की उघडेल अशा अवस्थेत होतं.

हा प्रकार बँकांपुरता नाही. जतच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. असे प्रकल्प आता लांबूनच बघितले जातात : वारा किती, वीज किती, कुठलं यंत्र थांबलंय. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, त्याच सकाळी व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रह सेवेवर हल्ला झाला. हल्लेखोर चुकीच्या पद्धतीने लावलेल्या व्हीपीएनमधून तिच्या व्यवस्थापनाच्या नेटवर्कमध्ये शिरले आणि तिथून हजारो मोडेमना कमांड दिल्या. ज्या वाटेने कंपनीचे लोक मोडेम सांभाळायचे, तीच वाट. मोडेम निकामी झाले आणि जर्मनीतल्या एनरकॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांशी असलेला दूरसंपर्क तुटला. पाती फिरत राहिली, पण लांबून त्यांना सांभाळायची सोय गेली.

तुमच्या फोनमध्येही हेच

एनीडेस्क हे नाव ऐकलं असेल. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा दुकानातूनच तुमची स्क्रीन बघतो, ते हेच ॲप. काम चोख करतं. पण 'केवायसी बाकी आहे, हे ॲप टाका आणि नऊ आकडी नंबर सांगा' असा फोन आला आणि तो नंबर देऊन परवानगी दिली, की समोरचा तुमच्या फोनचा ॲडमिनिस्ट्रेटर झाला. रिझर्व्ह बँकेने याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. इथे ना दार फोडावं लागतं, ना किल्ली चोरावी लागते, मालकच उघडून देतो.

कंपन्यांसाठी नियम आता स्पष्ट आहेत. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रात्री दोन वाजता आत कोण आलं होतं, हे शोधायची वेळ आली की तपास सुरू होतो तो याच नोंदींपासून. म्हणून हुशार घुसखोर जाता जाता त्या पुसायचा प्रयत्न करतो, आणि म्हणूनच त्यांची एक प्रत वेगळ्या मशीनवर ठेवतात, जिथे त्याची किल्ली चालत नाही.